सुभानरावांचे तीन कुर्निसात

"पण बाबा, माणसानं वाकायचंच कशाला?"

गुदडशाह फकीर गोधडीला टाके घालत होते.

"एकानं दुसऱ्यापुढे वाकायचं, दुसऱ्यानं तिसऱ्यापुढे. हे ठरवलं कुणी?"

"सुईत दोरा ओवून दे," बाबा म्हणाले. "तुझे डोळे तरुण आहेत."

कुरुंजा गढीचे नवे नाईक सुभानराव यांनी दोरा ओवून दिला. वय बावीस. मांडलिकाचा मुलगा राजधानीत ठेवला की मांडलिक बंड करत नाही, म्हणून दहाव्या वर्षी पातशाही माणसं त्यांना ओलीस घेऊन गेली होती. तिथे बारा वर्षांत ते फारसी शिकले. बुडालेल्या सगळ्या राज्यांच्या बखरी त्यांनी वाचून काढल्या. वडील गेले, तेव्हा महिन्याभरापूर्वी ते परतले, आणि पहिल्याच दिवशी गढीच्या चौकात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, की कुरुंजा यापुढे कुणाचा मांडलिक नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, जेवायला बसायचं का?

आज दुपारी पातशहाचा वकील फर्मान घेऊन येणार होता. रिवाज जुना होता. नव्या नाइकानं, किंवा पातशाही बदलली की जुन्यानंही, अनवाणी आणि बिनहत्यारी, वेशीबाहेरच्या या चौथऱ्यापाशी यायचं आणि फर्मानापुढे तीन कुर्निसात करायचे. केले तर गढी त्याची. न केले तर वकिलासोबतचे दोनशे स्वार गढी जाळणार.

चौथऱ्यावर चाळीस वर्षं बाबांचा मुक्काम होता. सुभानराव सकाळीच आशीर्वाद मागायला आले होते… लढाईसाठी.

बाबांकडे जाताना सगळेच जोडे काढत. सुभानरावांनीही काढले. तलवार चिंचेला टेकवून ठेवली.

"फर्मान पालखीतून येतं बाबा! कागद पालखीत आणि वकील पायी! वर कागदावर छत्री!"

"कागद म्हातारा असेल."

"चेष्टा नको. आबा चार पातशाह्यांपुढे वाकले. चार! मला राजधानीत पोरं चिडवायची, वाकड्या नाइकाचा पोरगा म्हणून."

बाबांनी दोरा दातांनी तोडला.

"पहिली पातशाही कुठे आहे?"

"तिला दुसरीनं गिळलं."

"दुसरी?"

"तीन भाऊ भांडले, त्यात बुडाली."

"तिसरी?"

"तिला या चौथीनं संपवलं."

"आणि गढी?"

"गढी आहे की. ही काय."

"हं."

सुभानराव ताडकन उठले. डोळे चमकले.

"म्हणजे ही चौथीसुद्धा पडणार! हेच मी म्हणतोय! पडणाऱ्यापुढे वाकायचं कशाला?"

"पडेल ना," बाबा म्हणाले. "पण आज दुपारी नाही."

…

"माझ्याकडे चाळीस माणसं आहेत," सुभानराव जरा हळू म्हणाले. "आणि तोफ."

"तोफेत साळुंकीनं घरटं केलंय."

"काढू."

"पिल्लं आहेत."

सुभानरावांनी गढीकडे पाहिलं. तटावर बायाबापड्या दाटीनं उभ्या होत्या. कडेवर पोरं. सगळ्या रस्त्याकडे बघत होत्या.

"मेलो तरी चालेल," ते म्हणाले. "पण हा कणा वाकणार नाही."

"नको वाकवू." बाबांनी सुई टोपीला खोचली. "मला एक सांग. ते कुर्निसात का काय, ते असतं तरी कसं? चाळीस वर्षं इथे बसलोय, पण दर वेळी पालखी आडवी येते. नीट दिसतच नाही."

"आबांचं बघून काय कळणार? त्यांचं चुकायचंच." सुभानराव हसले. "इकडे सगळेच चुकीचं करतात. नुसतं कमरेत मोडतात आणि हात हलवतात, माशी उडवल्यासारखा."

"मग खरं कसं?"

"त्याला उस्ताद असतो बाबा. एकवीस ओलीस होतो आम्ही, निरनिराळ्या राज्यांचे. उस्ताद म्हणायचे, सुभानसारखा कुणाचा नाही."

"अस्सं? मग दाखव की."

"आत्ता?"

"आत्ता कोण आहे बघायला? मी आपला अडाणी माणूस. शिकलेल्यानं दाखवू नये तर कुणी दाखवावं?"

सुभानरावांनी शेला सारखा केला. बाबांसमोर उभे राहिले.

"माझ्याकडे तोंड नको," बाबा म्हणाले. "मला कुणी मान दिला की ठेवायला जागा नसते. ती बकरी आहे ना बाभळीखाली, तिच्याकडे कर."

वळणापाशी, बाभळीला बांधलेली काळी बकरी शेंगा खात होती. सुभानराव तिच्याकडे वळले.

"हे बघा. डावा पाय मागे. नजर खाली. आता उजव्या हाताची पाठ जमिनीला… अशी. आणि उठताना तळवा कपाळाला."

"जमिनीला लागली का? मला इथून दिसलं नाही."

"लागली की! थांबा, परत दाखवतो. हे… असं."

"हात सुरेख येतो. पण कमरेचं काय?"

"तीच तर गंमत आहे! कंबर इतकी खाली पाहिजे, की पाठीवर पेला ठेवला तरी सांडू नये. बघा हां आता…"

सुभानराव वाकले. पाठ पाटासारखी सपाट. खरोखर पेला राहिला असता.

तेवढ्यात नगारा झडला.

स्वागताचे तीन कुर्निसात पुरे झाल्याखेरीज नगारा वाजवायचा नाही, असा पातशाही रिवाज होता. म्हणून इतका वेळ नगारा गप्प होता, आणि टापा रस्त्याच्या मऊ धुळीत विरल्या होत्या. वळणावर, बकरीच्या बरोबर मागे, पालखी उभी होती. पालखीत कागद. बाजूला घामानं निथळणारा म्हातारा वकील. मागे दोनशे स्वार.

"सुभानअल्ला!" वकील लंगडत पुढे आला. "नाईकसाहेब, तीस वर्षं या डोंगरात फिरतोय. असे कुर्निसात नाही पाहिले. आणि वीस पावलांवरूनच! अनवाणी! हत्याराविना!" त्यानं कपाळाचा घाम पुसला. "खरं सांगू? राजधानीतून निघताना बायको रडत होती. कुरुंजाचा नवा नाईक डोकं फिरलेला आहे म्हणाली. आता लिहितो तिला."

"वकीलसाहेब," सुभानराव म्हणाले. "मी ते तुम्हाला नव्हतं…"

बाबा बकरीकडे बघत होते.

सुभानरावांनी तटाकडे पाहिलं. एक पोर कुणाच्या तरी कडेवरून हात हलवत होतं, स्वारांना.

"काय म्हणालात?" वकिलानं विचारलं.

…

"ऊन फार आहे," सुभानराव म्हणाले. "ताक घेऊन जा."

वकिलानं फर्मान त्यांच्या डोक्याला लावलं. अंगावर मानाची वस्त्रं चढवली. ती कुणातरी जाडजूड माणसाच्या मापाची होती. मग ताक पिऊन, मिशा पुसून, सगळा लवाजमा पुढच्या गढीकडे निघून गेला. धूळ बसली. तटावरच्या बाया स्वयंपाकाला पळाल्या.

सुभानराव चौथऱ्याच्या पायरीवर बसले. त्या भल्यामोठ्या झग्यात ते लहान दिसत होते.

"तुम्ही मला वाकवलंत बाबा."

"मी तर बसलो होतो."

"तुम्हाला ठाऊक होतं, ते येतायत!"

"बकरीला ठाऊक होतं. केव्हाचे कान तिकडे होते तिचे."

सुभानरावांनी बकरीकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं. ते त्यांनी दाबलं, पण झगा हललाच.

"म्हणजे मी पातशहापुढे वाकलो… की बकरीपुढे?"

"तू वाकलास, तुला ठाऊक."

सुभानरावांचं हसू हळूहळू मावळलं. ते चौथऱ्याकडे, मग बाभळीकडे, मग बाबांकडे बघत राहिले.

"बाबा… आबासुद्धा…?"

बाबांनी खाली उतरून बकरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"ते हिच्या पणजीला करायचे," ते म्हणाले. "पण तुझ्याइतकं वाकत नसत."