पाण्यातलं घरटं

जाहिरातीचं खातं माणसांकडे येण्याच्या फार आधीची गोष्ट. सुगरण पक्ष्यांत घरटं नर विणतो, आणि मादी आत शिरून, काड्या ओढून पाहून मगच पसंत करते.

एकदा साळुंकीने तळ्यावर नवी सोय काढली. "आत शिरायचे कष्ट कशाला? काठावर बसा, घरट्याचं पाण्यातलं प्रतिबिंब पाहा. आवडलं तर 'वाहवा' म्हणा. ज्याला वाहवा जास्त, ते घरटं उत्तम!"

तळ्यावर झुकलेल्या बाभळीवर पिवळोबा नावाचा नर होता. त्याने घरट्याची पुढची बाजू झकास विणली, फुलं खोचली. मागची विणलीच नाही. "तिकडून कोण बघतंय?" तो म्हणाला.

सारा काठ 'वाहवा' म्हणाला. ते ऐकून एका मादीने आत न डोकावताच होकार दिला.

अंडं घालायच्या घाईत ती प्रथमच आत शिरली. मागे भगदाड आहे हे कळेपर्यंत अंडं घरंगळून तळ्यात पडलं. पाण्यावर सुरेख वर्तुळं उठली. काठ बेभान झाला. "वाहवा! पुन्हा एकदा!"

मादी भगदाडातून खाली पाहत ओरडली, "अहो, आपलं अंडं..."

"हो, हो," पिवळोबा काठाकडे पाहत म्हणाला, "पण ऐकलंस का? इतकी वाहवा तर घरट्यालाही मिळाली नव्हती!"