चूक दाखवणाऱ्याला गूळ

फार पूर्वी, तुमच्या पणजोबांना दुधाचे दातही आले नव्हते तेव्हा, नदीकाठी एक थोर शहर होतं. तिथले कावळेसुद्धा दोन्ही बाजू मांडून मगच ओरडत. खोटं वाटतं? मग कावळ्याला विचारा.

त्या शहराची एक रीत होती. जो आपली चूक दाखवेल, त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि म्हणायचं, "उपकार झाले."

डोंगरापलीकडे एक राजा होता. त्याने बांधलेलं धरण पहिल्याच पावसाळ्यात फुटलं आणि खालचं गाव बुडालं. त्याच गावात राजाची लेक नांदत होती. झाडावर चढली म्हणून वाचली.

दरबारी म्हणाले, "महाराज, दैवाचा कोप! धरण उत्तमच होतं. पुन्हा तसंच बांधू."

राजाला ते पटेना. धरणाचा हुबेहूब छोटा मातीचा नमुना बनवून घेऊन तो त्या शहरात गेला.

तिथल्या आचार्यांनी नमुना न्याहाळला. "झकास आहे."

"गुरुजी, चुकलात," त्यांची शिष्या म्हणाली. "याला सांडवा कुठाय? जास्तीचं पाणी जाणार कुठून? धरण फोडूनच ना!"

आचार्यांनी खुशीत गूळ काढला. "उपकार झाले, बाई."

राजा चक्रावला. "शिष्येनं गुरूला चूक म्हणायचं?"

"मग पुरानं येऊन म्हणायचं होतं का, महाराज?" शिष्या म्हणाली.

राजा परतला. मुख्य गवंड्याला म्हणाला, "सांडवा हवा, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"माझ्या भावाला ठाऊक होतं, महाराज. तो बोलला. म्हणून तर तुमच्या तुरुंगात आहे."

राजा स्वतः तुरुंगात गेला. कुलूप काढून गवंड्याच्या भावासमोर मान खाली घालून म्हणाला, "मी चुकलो. आता धरण तू बांध."

पुढच्या पावसाळ्यात नदी पिसाळली, पण जास्तीचं पाणी सांडव्यातून मुकाट निघून गेलं. खालच्या गावात राजाची लेक निवांत भाकऱ्या थापत होती.

मग गूळ देण्याची ती रीत राजाने आपल्याकडे आणली आणि ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली. ते शहर आज नाही. नदीने वाट बदलली, तिथे बाभळी माजल्यात. पण आज वैद्य औषध पारखून देतो, न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो, वर्गातली चिमुरडी "बाई, तुमचं गणित चुकलं" असं बिनधास्त सांगते, ही सगळी त्या शहराचीच देणगी. मी तर रोज त्या दिशेला हात जोडतो. दिशा नेमकी कोणती, यावर मात्र घरात वाद आहे.

बोध एवढाच: जिथे चूक दाखवणाऱ्याला मान मिळतो, तिथलं ज्ञान साऱ्या जगाला पुरतं.