तळ्याच्या म्हातारीची गोधडी

एकदा काय झालं… ए, पाय आत घ्या आधी, त्याशिवाय माझी गोष्ट हलायची नाही! हं. तर एकदा काय झालं, समुद्रकाठची मंजुळी कोळीण आपल्या मैत्रिणीकडे निघाली. मैत्रीण कोण? वेणू. दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या. वेणूला दिली होती पार थंडीच्या मुलखात. तिथं तळं गोठून टणक होतं, बरं का, आणि माणसं त्यावर बसून मासे धरतात! तळ्याच्या तळाशी राहते एक म्हातारी. वरचा बर्फ म्हणजे तिची गोधडी.

मग दोघी निघाल्या माशांना. वेणूनं दोघींच्या कमरेला एक लांब दोर बांधला. हातात पहार घेतली. आधी पहारीनं ठोकून बघायचं, मग पाऊल टाकायचं. मंजुळीनं आपला लाडानं तिचा हात धरला, तर वेणू म्हणाली, "लांब चाल गो बाय. दोघींचा भार एका जागी नको."

मंजुळी हिरमुसली. एवढ्या वर्षांनी भेटली, आणि म्हणते लांब चाल!

मग वेणूनं बर्फाला एवढंसं भोक पाडलं, गळ सोडला. पहिला मासा आला बोटाएवढा. दुसरा वितीएवढा. तिसरा हातभर! वेणूची बोटं पार गारठली. ते बघून मंजुळीला आली माया. ती कोळीणच ना! होडीत पेटवतात तशी तिनं बर्फावरच चूल पेटवली. म्हणाली, "कढत कालवण करते तुला."

"अगो, विझव!" वेणू धावत आली. तिनं मंजुळीला मागं ढकललं. कड्! कड्! कडाड्! बर्फ फुटला. मंजुळी वाचली, वेणू गळ्याइतक्या पाण्यात. आणि खालून म्हातारीनं तिचा पायच धरला.

"माझी गोधडी कुणी जाळली?"

मंजुळीला वाटलं, धावत जावं नि मिठी मारावी! पण वेणू ओरडली, "येऊ नको! आडवी पड!"

मग मंजुळी पोटावर आडवी झाली. दोर ओढला. म्हातारी सोडेना. पुन्हा ओढला. छे! मग मंजुळी रडत रडत म्हणाली, "आजे, मी जाळली गो, चुकले मी. ही घे माझी." आणि पांघरलेली गोधडी तिनं पाण्यात सोडली, आईच्या जुन्या लुगड्यांची. म्हातारीनं ती गालाला लावली. किती मऊ! पायावरची पकड सुटली. तिसऱ्यांदा ओढल्यावर वेणू वर आली. दोघी उभ्या राहिल्या नाहीत हो, सरपटतच काठ गाठला.

घरी वेणूला कोरडं लुगडं नेसवलं, गरम पेज पाजली. मंजुळीचं रडं काही थांबेना. "तू बुडत होतीस, आणि मी आपली लांब पडून राहिले गो."

वेणूनं तिला कुशीत ओढलं. "वेडे, धावत आली असतीस तर दोघी गेलो असतो. पडून राहिलीस, म्हणून मी आहे."

मग दोघी एका पांघरुणात झोपल्या. पुढं खूप वर्षं जगल्या, सुखात राहिल्या, मासे मनसोक्त खाल्ले. झाली गोष्ट. मिटा डोळे आता, माझी शहाणी बाळं ती.