मोराचा अडकित्ता

नाशिकच्या भांडीबाजारात निवृत्तीअण्णा कासार भांड्यांवर नावं घालायचे. पुढे नावं मशीनवर पडू लागली, बायकोही वारली, आणि दुकानात उरले अण्णा, त्यांची छिन्नी-हातोडी आणि मोलाची एकच चीज: मोराच्या आकाराचा जुना पितळी अडकित्ता.

त्यावर चित्रेवकिलांचा डोळा होता. वकीलसाहेबांच्या बंगल्यात जुन्या वस्तूंचं दालनच होतं, पण रडगाणं गाऊन जे फुकट पदरात पडतं ते विकत घ्यायचं नाही, हा त्यांचा बाणा.

एका दुपारी ते आले आणि रुमालानं डोळे टिपत तासभर बोलले. "अण्णा, माझ्या आईचा अस्साच अडकित्ता होता हो! शेवटच्या घटकेलाही तिनं तोच मागितला. आईच्या आठवणीला कसली किंमत लावता?"

अण्णांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि छिन्नी उचलली.

"फुकट न्या साहेब. फक्त आईंचं नाव सांगा. मोराच्या छातीवर ठळक घालून देतो."

"अहो, थांबा!" साहेब किंचाळले. "नाव घातल्यावर याला कोण विचारणार?"

"म्हणजे आईची आठवण विकायला काढणार होता होय?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. उठताना ते पुटपुटले, "खोटं आहे हे कळलं कधी?"

"तुम्ही रुमाल काढलात तेव्हाच."

"मग तासभर ऐकलंत कशाला?"

अण्णांनी छिन्नी खाली ठेवली. "आठ दिवसांत या दुकानात कुणी बोललं नव्हतं, साहेब. उद्या वडिलांची गोष्ट घेऊन या. अडकित्ता मिळायचा नाही, पण चहा मिळेल."