कापशीसाठी लावलेला कौल

फार फार पूर्वी, म्हणजे तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आधी, खाडीच्या काठी एक गाव होतं. त्या गावात सोमा नावाचा चितारी राहायचा. लाकडाची खेळणी करायची आणि ती रंगवायची, हा त्याचा पिढीजात धंदा. बायकापोरं नव्हती. होती एक मांजर. पांढरीशुभ्र, म्हणून तिचं नाव कापशी. जगात आपलं म्हणावं असं सोमाला तेवढंच होतं. ताटातला पहिला घास तिचा असायचा.

सोमाचे पोपट पंचक्रोशीत गाजलेले. कुठे बारसं असलं की पाळण्यावर सोमाचा पिवळा पोपट टांगलेला हवाच. पिवळा तरी कसा, लांबूनही डोळ्यांत भरेल असा. त्याचे वडील खेळण्यांना हळद वापरायचे. पण हळद उन्हात विटते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून सोमाने हरताळ वापरायला घेतला. हरताळ म्हणजे एक पिवळा दगड. वाटून त्याचा रंग केला की वर्षानुवर्षं जात नाही. देवीच्या रथाला वडीलही तो लावायचे, पण खेळण्यांना कधी नाही. "पोरं खेळणं तोंडात घालतात, सोमा," एवढंच ते म्हणायचे. सोमाने ते कानाने ऐकलं होतं. बाकी त्याचं काय केलं, ते त्याचं त्याला ठाऊक.

कापशी दिवसभर त्याच्या रंग वाटायच्या पाट्याशेजारी झोपायची. तिच्या अंगावर पिवळी भुकटी बसायची. येणारे-जाणारे हसायचे, "काय रे सोमा, मांजरही रंगवायला घेतलंस वाटतं?" सोमा खूश व्हायचा. कापशी मग उठून आपलं अंग चाटायची आणि पुन्हा पांढरी व्हायची.

एका वर्षी पावसाळा सरला आणि कापशी आजारी पडली. खाल्लेलं ओकायला लागली. दूध पुढे ठेवलं तर वास घेऊन मान फिरवायची. मागचे पाय लटपटायला लागले, केस पुंजक्यांनी गळायला लागले. सोमाचा जीव थाऱ्यावर राहिना. तिला टोपलीत घालून तो वैद्यबुवांकडे गेला.

वैद्यबुवांनी मांजरीचं तोंड उघडून पाहिलं, पोट दाबून पाहिलं. म्हणाले, "हिच्या पोटात काहीतरी वाईट जातंय. एकदम नाही, रोज थोडं थोडं."

"म्हणजे कोणीतरी घालतंय?"

"असं मी म्हटलं नाही. तुझ्या घरात रंग असतात. पिवळा कशाचा करतोस?"

चार गावची माणसं ज्या रंगासाठी त्याच्या दारात यायची, तो रंग त्याच्या डोळ्यांपुढे आला. तो म्हणाला, "हळदीचा. वडील करायचे तसाच."

"मग मी काय सांगणार?" वैद्यबुवा म्हणाले. "हळदीने कोणी मरत नाही."

आता बघा माणसाचं डोकं कसं चालतं. घरी येईपर्यंत सोमा स्वतःचं खोटं विसरला आणि 'कोणीतरी घालतंय' एवढं घट्ट धरून बसला. आपण म्हटलेलं वाक्य त्याला वैद्यांचं वाटायला लागलं.

शेजारी भामाकाकी राहायची. पोहे कांडून पोट भरणारी एकटी बाई. कापशी रोज दुपारी तिच्या ओटीवर जायची. काकी तिला ताकात भिजवलेले पोहे घालायची, ओल्या फडक्याने तिचं अंग पुसायची. तिथून ती घरी आली आणि पाट्याशेजारी पडली, की संध्याकाळपर्यंत ओकायची. तिकडे खाते आणि इकडे ओकते, मग विष कुठलं? सोमाला दुसरं काही दिसेना.

काकीच सांगायला आली, "सोमा, माझ्याकडे असते तोवर कापशी ओकत नाही बघ. काही दिवस तिला माझ्याकडेच राहू दे."

"विष घालणारा असंच म्हणणार," सोमा म्हणाला. काकी त्याच्याकडे बघतच राहिली. याच्या आईच्या बाळंतपणात रात्र जागवलेली बाई ती. आल्या पावली घरी गेली.

त्या गावाची एक रीत होती. काही अडलं की देवीला कौल लावायचा. देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलांचे ओले कळे चिकटवायचे आणि मोठ्याने विचारायचं. उजवा कळा पडला तर हो, डावा पडला तर नाही. आणि एका प्रश्नाला कौल एकदाच.

सोमा गावकरी घेऊन देवळात गेला. गुरवाने कळे लावले. सोमाने विचारलं, "आई, माझ्या मांजरीला भामाकाकी विष घालते ना?"

डावा कळा पडला.

"पुन्हा लाव," सोमा म्हणाला.

"देवीने सांगितलं ना एकदा," गुरव म्हणाला.

"यंदा देवीचा रथ माझ्याकडून रंगवून हवाय ना तुला? पुन्हा लाव."

गुरवाने लावला. पुन्हा डावा. सोमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, मांजर खरंच मरत होतं. गावकऱ्यांना त्याची दया आली. "लाव रे आणखी एकदा, जीव चाललाय त्याचा," ते म्हणाले. तिसऱ्या खेपेला उजवा कळा घसरला आणि सगळ्यांनी हात जोडले. 'माझ्या हातून तर काही होत नाही ना?' हा प्रश्न सोमाने एकदाही विचारला नाही.

गावाने भामाकाकीला वाळीत टाकलं. विहीर बंद, विस्तव बंद. तिचे पोहे कोणी घेईना. शेवटी तिने गाठोडं बांधलं. जाताना सोमाच्या दाराशी थांबली.

"मला हाकललंत, ठीक आहे. पण मांजरीला या खोलीत ठेवू नकोस. बाहेर उन्हात तरी सोड तिला."

सोमाने तिच्या तोंडावर दार लावलं. कापशी पुन्हा कोणाच्या ओटीवर जाऊ नये म्हणून त्याने तिला पाट्याच्या खोलीत कोंडलं. उशाशी बसला, स्वतःच्या हाताने दूध पाजलं. हाताच्या रेघांत पिवळं भरलेलं होतं. काकी जाऊनही कापशी बरी होईना. चारच दिवसांत ती गेली.

सोमा लहान पोरासारखा रडला. मग पुरण्याआधी तिला न्हाऊ घालावं म्हणून त्याने परातीत पाणी घेतलं. वरून तांब्याने पाणी सोडलं, तशी परात पिवळी झाली. त्याने पाणी ओतून दिलं, दुसरं घेतलं. तेही पिवळं. त्याच्या हातातून तांब्या सुटला. वडील काय म्हणायचे ते आता त्याला शब्द न शब्द आठवलं. आणि मग आठवले गावातले पाळणे.

तसाच ओल्या हातांनी तो घरोघर धावला. "माझा पोपट परत द्या. त्यात विष आहे, पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका." बायका एकमेकींकडे बघून हळहळल्या. "मांजर गेलं आणि बिचाऱ्याचं डोकं फिरलं." एवढा देखणा पोपट कोण परत देतो? पाटलाने तर त्याला अंगणाबाहेर काढलं.

पुढच्याच पंधरवड्यात पाटलाचा तान्हा नातू ओकायला लागला. सोमा पुन्हा धावला. त्याचं ऐकायला कोणी थांबलं नाही. सगळा गाव देवळात जमला होता आणि पाटील विचारत होता, "आई, माझ्या नातवाला चिताऱ्याची नजर लागली ना?"

डावा कळा पडला. सोमा मागे खांबाशी उभा होता. 'बास, आता थांबा,' असं त्याला ओरडायचं होतं. पण कोणत्या तोंडाने ओरडणार?

"पुन्हा लाव," पाटील म्हणाला. गुरवाने सोमाकडे न बघता कळे भिजवले.

उजवा कळा पडायच्या आधीच सोमा देवळातून निघाला. भामाकाकी गेली होती त्याच वाटेने गेला. ती कुठे गेली हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि भेटली असती तरी तिला काय सांगणार होता? पाटलाच्या घरी पाळण्यावर पिवळा पोपट होता तसाच होता. बाळ रडायला लागलं, की आई तो काढून त्याच्या हातात द्यायची.

तात्पर्य: हवं तेच उत्तर मिळेपर्यंत जो विचारत राहतो, त्याला खरं उत्तर कळतं तेव्हा वेळ टळून गेलेली असते.