दिव्याचे फडके आणि बुवांचा तंबोरा

फार फार जुनी गोष्ट आहे. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचा दिवस होता. सकाळी दाट धुके पडले होते. उन्हे वर आली तसे ते विरले आणि दुपारपर्यंत हवा कोरडी, स्वच्छ झाली. घासायपुसायला हवा तसा दिवस.

मुलांनो, आणि मुलांना जवळ घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, त्या राज्यात एक रीत होती. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला राजवाड्यातल्या सगळ्या वापरातल्या वस्तू चौकात मांडायच्या. मुदपाकखान्याची भांडी, शस्त्रशाळेतल्या तलवारी, दिवेघरातल्या समया, वाद्यशाळेतली वाद्ये. ज्याच्या हातच्या वस्तू सगळ्यांत जास्त झळकतील, त्याने संध्याकाळी पहिली समई लावायची. बाकीचे दिवे त्या ज्योतीवरून लागायचे.

हा मान बरीच वर्षे भिवराबाईकडे होता. ती दिवेघर सांभाळायची. चिंच, चाळलेली राख, लिंबाची फोड आणि तिचे ते जाडसर फडके, एवढ्यावर ती काळ्याठिक्कर पितळेतून सोने काढल्यासारखे करायची. लोक गमतीने म्हणत, "भिवराबाईशिवाय दुसऱ्या कुणी लावली, तर वात पेटायचीच नाही."

त्या पंचमीला राणीसाहेबांनी तिला बोलावले.

"भिवराबाई, वाद्यशाळा सांभाळणाऱ्या अंतोबांना आता नीट दिसत नाही. ते नदीपलीकडे लेकीकडे राहायला गेले. वाद्यशाळाही आता तुम्हीच बघा. तिथला जुना तंबोरा आपल्या गायकबुवांच्या गुरूंचा आहे. बुवांचा आवाज थकलाय. दुसऱ्या तंबोऱ्यावर त्यांचा सूर लागत नाही. पौर्णिमेला ते गाणार आहेत. तंबोऱ्याला जपा."

"काळजीच सोडा, राणीसाहेब. असा चमकवते की त्यात आपलं तोंड दिसेल."

"तोंड मी आरशात बघते," राणीसाहेब हसून म्हणाल्या. "तंबोरा वाजला म्हणजे झालं."

भिवराबाई वाद्यशाळेत गेली. खिडकीपाशी गादीवर तो तंबोरा टेकवलेला होता. त्याच्या मोठ्या भोपळ्यावर लाखेचे रोगण होते, जुन्या मधाच्या रंगाचे आणि काचेसारखे गुळगुळीत. वर धूळ बसली होती. पुसायचे सामान शोधायला तिने आजूबाजूला पाहिले. ना राख, ना चिंच, ना कसली कुपी. खुंटीला फक्त जुनी, विरलेली मलमलीची फडकी टांगलेली होती.

"हे बघा! म्हाताऱ्याने पोतेरी जमवून ठेवलीत," ती म्हणाली आणि तिने तो गठ्ठा दाराशी टाकला.

वाद्यशाळेचे मांजर लगेच त्यावर जाऊन बसले. भोपळे कुरतडणाऱ्या उंदरांवर नजर ठेवणे हे त्याचे काम. त्या काळी प्राणी बोलत असत, आणि माणसांना ऐकायला सवड असे.

"पोतेरं नाही हे," मांजर म्हणाले. "धुऊन धुऊन सायीसारखं झालंय. आणि तुझ्या हातातलं ते काय?"

"माझं दिव्याचं फडकं. उकळून धुतलंय."

"राखेचा वास येतोय."

"तुला काय कळतंय घासण्यातलं?"

"घासण्यातलं काही नाही कळत," मांजर पंजा चाटत म्हणाले. "पण जन्मात अंगाला राख लावली नाही, तरी बघ कशी तुकतुकीत आहे माझी पाठ."

भिवराबाईने लक्ष दिले नाही. तिने भोपळ्याच्या दर्शनी बाजूवर फडके ठेवले आणि समई घासावी तसे गोल गोल, जोर लावून घासले. बारीक खर्र आवाज आला. तिने भोपळा उन्हाकडे वळवला आणि तिचा हात थांबला. तळव्याएवढ्या जागेत केसासारखे ओरखडेच ओरखडे. डोळ्यांना न दिसणारी राख फडक्याच्या धाग्याधाग्यात बसलेली होती. पितळेला तिने कधी इजा केली नव्हती. लाखेला केली.

मांजराने आपली तुकतुकीत पाठ तिच्याकडे फिरवली. ते जास्तच लागले.

दुसऱ्या दिवशी देवडीवर चकाकी विकणारा आला. त्याच्या टोपलीत रंगीत कुप्या होत्या आणि तोंडात न थांबणारी जीभ.

"या बाई, या! लाकूड असो, पितळ असो, नाहीतर नशीब असो, फक्त एक हात फिरवा!"

"नशिबाला कुठं लावायचं?" भिवराबाईने विचारले.

"कपाळाला. थोडं चरचरेल, पण झळकेल!"

त्याने एक काळी पडलेली पितळी पणती घेतली आणि कुपीतले पाणी लावून पुसली. पणती लखलखली. त्यात काही खोटे नव्हते.

"यात काय आहे?"

"मोहाच्या फुलांचा कडक अर्क, लिंबाचं तेल आणि माझ्या आजोबांचं गुपित. ओरखडे? तेही जातात बाई. पौर्णिमेला पहिली समई तुमचीच!"

भिवराबाई कुपी घेऊन वाद्यशाळेत आली. नवे फडके अर्कात भिजवले आणि ओरखड्यांवर ठेवायला हात पुढे केला. तेवढ्यात तिची नजर मांजराकडे गेली. मुदपाकखान्यातून त्याच्यासाठी वाटीभर दूध आले होते. मांजराने दुधाला जिभेचे टोक लावले, मान मागे घेतली आणि ते स्वस्थ बसून राहिले.

"पी ना मुकाट. दूधच तर आहे," भिवराबाई म्हणाली.

"दूधच आहे, पण कालचं गार होतं. आजचं गरम आहे. वाटी मात्र तीच," मांजर म्हणाले. "आधी टोकानं बघितलेलं बरं. जीभ एकच आहे मला. बुवांकडे असे तंबोरे किती आहेत?"

भिवराबाईचा हात तिथेच राहिला.

मग तिने तंबोरा हलक्या हाताने उचलून उलटा केला. भोपळ्याच्या पाठीला, खाली, जिथे तो गादीत रुततो आणि कुणाच्या नजरेला पडत नाही, तिथे आधीच काही फिकट ठिपके होते. 'अंतोबाकाकांची हयगय,' असे मनात म्हणत तिने शेजारी बोटाच्या पेराने थोडासा अर्क लावला.

ती जागा क्षणात आरशासारखी चमकली!

"बघितलंस?" ती मांजराला म्हणाली. "उगाच घाबरवत होतास."

"थांब जरा. माझं दूध अजून निवलं नाही."

दूध निवेपर्यंत ती जागा पांढुरकी झाली. तिने बोट लावले तर बोट चिकटले. फडक्याने टिपायला गेली तर फडक्याचे धागे रोगणात रुतून बसले. मांजर शांतपणे दूध प्यायला लागले.

भिवराबाईने कुपीला बूच लावले.  हाच अर्क भोपळ्याच्या दर्शनी बाजूवर गेला असता तर? बुवांनी मांडीवर तंबोरा घेतला असता आणि त्यांचा हात चिकटला असता. त्यांच्या गुरूंचा हात जिथे फिरला, तिथे.

मग ती उठली आणि नदी उतरून अंतोबांकडे गेली.

अंतोबा अंगणात ऊन खात बसले होते. पावलांवरून त्यांनी ओळखले.

"ये भिवरा. दिव्याच्या फडक्यानं तंबोरा पुसलास ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, काका?"

"तुझ्या येण्यानं. चमकला असता तर आली असतीस होय माझ्याकडे?"

ती खाली मान घालून सगळे सांगत गेली. ओरखडे, कुपी, पाठीवरचा डाग. म्हातारा ऐकत राहिला.

"हे बघ पोरी," अंतोबा म्हणाले, "पितळ घासलं की वरचा मळ जातो आणि खालून पितळच निघतं. तंबोऱ्याचं तसं नाही. वर लाखेचं पातळ कातडं आहे. घासत गेलीस तर ते संपेल आणि खालून निघेल उघडा भोपळा. आणि तो अर्क! लाख कडक अर्कात विरघळवूनच तर भोपळ्यावर चढवतात. ज्यानं चढते, त्यानंच ती उतरते."

"मग तुम्ही काय लावत होता?"

"काही नाही. आधी हलक्या हातानं धूळ झटकायची. धूळ असताना दाबून पुसायचं नाही, धूळही ओरखडते. मग जुनी मलमल घ्यायची. तिला काठ नको, शिवण नको, खळ नको. काचेवर टाकतो तसा तोंडाचा वाफारा टाकायचा आणि मायेनं टिपायचं. बुवांचं गाणं झालं की त्यांच्या हाताचा घाम लगेच पुसायचा. बस, झालं."

"आणि काही नवं लावून बघावंसं वाटलं तर?"

अंतोबा खुदकन हसले. "पाठीवरचे ते फिकट ठिपके बघितलेस ना?"

"बघितले. मला वाटलं, तुमची हयगय."

"एक तिळाच्या तेलाचा, माझा. एक मेणाचा, तोही माझाच. बाकीचे माझ्याआधी ज्यांनी तंबोरा सांभाळला त्यांचे. आम्हा सगळ्यांनाच कधी ना कधी एखादी कुपी मोहात पाडून गेली. पण नवं काही आलं की आधी पाठीला लावायचं, रात्रभर थांबायचं आणि मग ठरवायचं. म्हणून तर दर्शनी भाग इतक्या पिढ्या टिकला. आता तुझाही ठिपका बसला तिथं. म्हणजे तू वाद्यशाळेची झालीस."

भिवराबाईच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिला हसूही आले.

"पण पुढचे ओरखडे, काका?"

"ते राहतील. काढायला जाशील तर वाढतील."

"पौर्णिमेला सगळ्यांना दिसतील."

"दिसतील की," म्हातारा म्हणाला आणि त्याने तोंड पुन्हा उन्हाकडे केले.

पौर्णिमा आली. चौकात भांडी, तलवारी आणि समया मांडल्या गेल्या. समया नेहमीसारख्याच झळकत होत्या. तंबोऱ्याशेजारी भिवराबाई झेंडूची माळ घेऊन उभी होती. ती माळ भोपळ्यावर सोडली असती, तर ओरखडे झाकले गेले असते. पण फुले ओली होती, आणि ओल लाखेला सोसत नाही. तिने माळ समईला घातली.

राजेसाहेब पाहत पाहत आले आणि तंबोऱ्यापुढे थांबले.

"हे कसले ओरखडे?"

"माझ्या हातचे, महाराज. दिव्याच्या फडक्यानं पुसला मी."

गर्दीतून चकाकीवाला ओरडला, "बाई, अजून वेळ आहे! फिरवा की एक हात!"

"फिरवलाय रे बाबा, पाठीवर," भिवराबाई म्हणाली. "चिकटून बसलाय तिथं."

लोक हसले. राजेसाहेबही हसले. पण रीत ती रीत. भिवराबाईच्या हातचे एक वाद्य ओरखडलेले होते, म्हणून मान दुसरीकडे गेला. त्या वर्षी पहिली समई मुदपाकखान्याच्या आचाऱ्याने लावली, आणि वात पेटली.

मग बुवांनी तंबोरा मांडीवर घेतला आणि तारा छेडल्या. थकलेला आवाज त्या नादाला टेकला, सावरला आणि वर चढला.  मांजर राणीसाहेबांच्या बैठकीखाली डोळे मिटून बसले होते. गाणे संपल्यावर भिवराबाई जुनी मलमल घेऊन पुढे आली. तिने वाफारा टाकून तंबोऱ्यावरचा बुवांच्या हाताचा घाम टिपला. बुवा म्हणाले, "अंतोबासारखं पुसतेस." तिला तो मान पुरला.

पुढे भिवराबाईच्या हयातीत तो तंबोरा दर पौर्णिमेला वाजला. दर्शनी बाजूचे ओरखडे तळव्याएवढेच राहिले, आणि पाठीवरचा तिचा ठिपका पेराएवढाच.

एका वस्तूला जे उजळते ते दुसरीला बिघडवू शकते. म्हणून वस्तू कशाची आहे ते आधी जाणावे, आणि नवा उपाय आधी पाठीवर करून पाहावा.