चाल न लावता तेराचा पाढा

मी शिक्षणाधिकारी होतो तेव्हा सगळा जिल्हा मला वचकून असे. खैरमाळच्या शाळेत गेलो, तर दुसरीची पोरं फळ्यावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवून खारीची कविता गात होती.

"गाणी बंद! पाढे घ्या," मी ठोंबरेबाईंना दरडावलं.

"घेते की. पण साहेब, आधी तुम्ही तेराचा म्हणून दाखवा. चाल मात्र लावायची नाही."

मी सुरुवात केली. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..."

"चाल लागली!" पोरं ओरडली.

मग एकेक शब्द तोडून म्हणायला गेलो आणि तेरा सक्कंला अडकलो.

बाई म्हणाल्या, "चाल काढून घेतली तर साहेबांचाही पाढा अडतो. मग या लेकरांचं वाचन नाही अडणार?"

वर्ग खो खो हसला. मला पटलं होतं, पण चिडून मी जिल्हाभर कवितेचा तास बंद केला.

परवा खिडकीत खार आली. नात म्हणाली, "आबा, खारीची कविता म्हणा ना."

फळ्यावरची ती कविता मी पुरती ऐकूनही घेतली नव्हती. शेवटी तेराचा पाढाच म्हटला, चालीवर.

नात शेवटपर्यंत डोलली. मग म्हणाली, "आबा, पण यात खार कधी येणार?"